पदर खोचा, परमिट घ्या

दौलतराव लाइनमन यांच्याकडे मी दोन वर्षं योग शिकले, आणि त्या दोन वर्षांत त्यांच्या अंगणात शिकवताना त्यांचं तोंड मला एकदाही दिसलं नाही. पाठ दिसली. ती मात्र मी कुठेही ओळखीन. उजव्या खांद्याखाली चामखीळ, मानेवर वर्षानुवर्षांच्या उन्हाचा काळा पट्टा, आणि बनियनला डावीकडे, बरगडीच्या खाली, रुपयाएवढं भोक. बनियन बदलायचं, भोक त्याच जागी असायचं. त्यांच्या आरामखुर्चीला तिथे खिळा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवते आहे. फळ्याकडे तोंड केलं की मागे पोरं काय काय करतात, ते मला कोणी सांगायला नको. आणि हा माणूस आम्हा पंधरा-वीस जणांना अंगणात सतरंज्यांवर उभं करायचा, आमच्याकडे पाठ करायचा, स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दोन हात अंतरावर उभा राहायचा आणि त्या खिडकीला योग शिकवायचा. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "काकाजी, जरा आमच्याकडे तोंड करा ना."

"मॅडम, तुमचा फॉल्ट कुठं आहे?" ते खिडकीला म्हणाले.

"पाठीत."

"मंग पाठच पाहा ना जी. तोंड पाहून काय भेटते?"

मला उत्तर नसलं की राग येतो, त्यामुळे तो दिवस मी रागातच वाकले.

दौलतराव बिजली विभागात लाइनमन होते. सारा जन्म खंब्यावर गेला. पांढुर्ण्यापासून बोरगावपर्यंत असा खंबा नाही ज्याला त्यांनी मिठी मारली नाही, असं ते स्वतःच सांगतात. रिटायर झाल्यावर छिंदवाड्याला पंधरा दिवसांच्या शिबिरात जाऊन योग शिकून आले, पण भाषा खंब्यावरचीच राहिली. कोणी कंबर धरून त्यांच्या फाटकाशी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पायात करंट उतरते का?" म्हणजे कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते का, मुंग्या येतात का. "हाव" म्हटलं की ते सतरंजी देत नसत. "पहिले डॉक्टरले दाखवा. हाय टेन्शनचं काम आहे, ते माह्या हातचं नाही." ज्याच्या पायात करंट नाही त्याला आत प्रवेश.

आसनांची शास्त्रातली नावं त्यांना येत, पण ती वापरणं त्यांना पसंत नव्हतं. ताडासन म्हणजे खंबा. सेतुबंधासन म्हणजे पुलिया. मार्जारासनाला नुसतं मांजर. शवासन हा शब्द त्यांना अशुभ वाटायचा, म्हणून शटडाउन. आणि उताणं पडून गुडघे वर घ्यायचे, कंबर जमिनीला टेकवायची आणि नुसतं पडून राहायचं, या प्रकाराला त्यांनी जामसांवली असं नाव दिलं होतं. आमच्या जामसांवलीचा मारुती निजलेला आहे, हे इकडे लहान पोरालाही माहीत. "येवढा पहाड उचलणारा देव," दौलतराव म्हणायचे, "तोही आडवा झाला. अन् तुम्ही खताचं पोतं उचलता अन् लगेच दुसरं उचलाले जाता. मारुतीरायापेक्षा मोठे झाले का तुम्ही?"

पण त्यांचा खरा मंत्र म्हणजे परमिट. लाइनमनच्या कामात असं असतं की तारेला हात लावायच्या आधी सबस्टेशनला फोन करायचा. तिथला माणूस लाइन बंद करतो, "परमिट दिलं" म्हणतो, मग खंब्यावर चढायचं. काम संपवून खाली उतरलं की सांगायचं, "परमिट वापस." मग लाइन सुरू. दौलतरावांचं म्हणणं, कंबर हीसुद्धा तारच. वाकायच्या आधी तिला विचारायचं. थांबायचं, श्वास घ्यायचा, पोट आत ओढायचं, गुडघे ढिले करायचे, आणि मग गुडघ्यांतून खाली जायचं. काम झालं, सरळ उभं राहिलं, की श्वास सोडून परमिट वापस.

हे त्यांनी अंगणापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण त्यांना गल्लीत कोणी वाकताना दिसलं की राहवत नसे. दूधवाला कॅन उचलतो आहे, दौलतराव फाटकातून ओरडतात, "परमिट घेतलं का?" मनोहर सेठच्या किराणा दुकानासमोर हमाल पोतं पाठीवर घेतो आहे, हे रस्त्याच्या पलीकडून, "परमिट!" दूधवाला दचकायचा, कॅन सांडायचं. एकदा लग्नात नवरी यांच्या पाया पडायला वाकली, तर आशीर्वाद द्यायचा सोडून म्हणाले, "थांब बाई, परमिट घे. गुडघ्यातून वाक." ती बिचारी अर्ध्यात थांबली, आणि फोटो तोच निघाला.

माझी कंबर गेली होती ती शाळेच्या लाकडी खुर्चीने आणि स्कूटीने. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि व्यायाम करा म्हणाले. गोळ्या मी घेतल्या, पट्टा बांधला आणि व्यायाम विसरले. पट्टा बांधून मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरची पोरं "संत्र्याची पेटी आली" म्हणायची. मला ऐकू येत होतं. शेवटी एके दिवशी खाली पडलेला खडू मला उचलता आला नाही, पहिल्या बाकावरच्या पोरीने तो उचलून दिला, आणि त्या संध्याकाळी मी दौलतरावांच्या फाटकाशी उभी राहिले.

त्यांच्या वर्गातल्या आणखी दोन गोष्टी माझ्या डोक्यात जायच्या. एक म्हणजे लाइट. लख्ख उजाडलेलं असायचं, पण दौलतराव खिडकीकडे तोंड करून आधी मोठ्याने विचारायचे, "लाइट आला का?" मग आत स्वयंपाकघरात बल्ब लागायचा. खिडकीला बारीक जाळी, आम्हाला मागून आतलं काही दिसायचं नाही, बल्बचा पिवळा डाग तेवढा दिसायचा. तो दिसला की वर्ग सुरू. सकाळी लाइट गेलेला असला तर वर्ग बंद. मी एकदा म्हटलं, "काकाजी, सूर्य उगवला आहे. योगाला बल्ब कशाला पाहिजे?"

"लाइनमनच्या घरी लाइट नाही तं काहीच नाही," ते म्हणाले आणि सतरंज्या गुंडाळायला लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या सूचना. वर्गात बाया आम्ही तिघी, आणि तिघीही पंजाबी ड्रेसवाल्या. बाकी सगळे पुरुष. तरी रोज सुरुवातीला, "पदर खोचून घ्या. बांगड्या मागं सरकवा." मनोहर सेठ, ज्यांचं पोट त्यांच्या आधी अंगणात यायचं, ते पहिले काही दिवस गोंधळून आपलं उपरणं खोचायचे. मग मध्येच, "तवा उतरवून ठेवा." मग, "ओट्याले हात टेकवा अन् एक पाय मागं." अंगणात ओटा कुठून आणायचा? आम्ही कडुनिंबाला टेकायचो, कोणी भिंतीला, आणि मनोहर सेठ माझ्या स्कूटीला. म्हातारपण आहे, जिभेवर काही बसतं, असं आम्ही आपसांत बोलायचो.

पण गुण आला, हे मला मान्य केलं पाहिजे. चार महिन्यांत पट्टा पेटीत गेला. खडू मी स्वतः उचलायला लागले, तोही परमिट घेऊन, आणि पोरांना दुसरं नाव शोधावं लागलं.

गुण आला नाही तो त्यांच्याच घरात, असं सगळी गल्ली म्हणायची. त्यांची बायको कौसल्याकाकू. तिची कंबर आमच्या सगळ्यांच्या आधीपासून गेलेली. पाच-सहा वर्षं ती जमिनीवर बसली नव्हती. एके काळी पंगतीत काकू असली की पंगत उठायची नाही. ती वाढणाऱ्याला नावं ठेवायची, शेजारणीच्या पत्रावळीवर गुपचूप भात सरकवायची, समोरच्या ओळीतल्या जावयाला घास देऊन रडकुंडीला आणायची. मग एका लग्नात ती पंगतीशी आली आणि कोणी तरी ओरडलं, "खुर्ची आणा रे, म्हातारीले खाली बसता येत नाही." सगळी पंगत वळून पाहायला लागली. तेव्हा ती पंचावन्नचीही नव्हती. ती जेवली, घरी आली, आणि त्यानंतर कोणत्याच पंगतीला गेली नाही. हळदीकुंकूही दारातच घ्यायची, उभ्या उभ्या.

रामाकोन्याचे नत्थूजी तिचे मानलेले भाऊ. त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. दर वर्षी थंडी सरत आली की ते बगीच्यात रोडगे करतात, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरण आणि तूप, आणि झाडांखाली जमिनीवर पंगत. आमंत्रण द्यायला ते स्वतः यायचे आणि काकू दर वर्षी दारात उभी राहून सांगायची, "पुढच्या वर्षी पाहू, दादा." ते गेले की बराच वेळ दारातच उभी राहायची. मी समोरच्या घरातून पाहिलं आहे.

"काकाजी, साऱ्या गावाच्या कंबरा सरळ केल्या, काकूला का नाही शिकवत?" असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी खिडकीची जाळी फडक्याने पुसली आणि म्हणाले, "तिचा फीडर वेगळा आहे." म्हणजे तिची लाइन दुसरी. मला वाटलं, काय माणूस आहे. रागाने मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. चुका मी कमी करते, पण करते तेव्हा मन लावून करते.

वर्ग वाढत होता. अंगण तेवढंच. मांजर करताना पुढच्याचा पाय माझ्या नाकाशी यायचा. मी आमच्या प्राचार्यांकडे गेले, चार चकरा मारल्या आणि सकाळी शाळेचं मैदान वापरायची परवानगी घेऊन आले. झेंड्याचा ओटा होता, त्यावर दौलतरावांना उभं करायचं, आमच्याकडे तोंड करून. मी जाहीरच करून टाकलं. दौलतराव मान खाली घालून म्हणाले, "अंगण काय वाईट आहे जी?" मी म्हटलं, "काकाजी, एवढी परवानगी आणली आहे." ते सतरंज्या झटकायला लागले.

पहिल्या दिवशी पन्नास माणसं आली. दौलतराव धुतलेला सदरा घालून ओट्यावर चढले, आमच्याकडे वळले आणि त्यांना काही सुचेना. उजवा हात म्हणाले आणि डावा उचलला. अर्धं मैदान उजवीकडे, अर्धं डावीकडे. खंबा करायला सांगून स्वतः पुलियासाठी आडवे झाले. मध्येच सवयीने, "पदर खोचून घ्या," आणि नवी माणसं हसली. ते हसणं त्यांना लागलं असं मला वाटलं. वीस मिनिटांत त्यांनी शटडाउन दिला आणि आम्ही डोळे उघडायच्या आत घराकडे निघालेही होते. असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी ते आलेच नाहीत. निरोप आला की फीडर बंद आहे.

मी संतापले. परवानगी मी आणली होती, प्राचार्यांना तोंड मला द्यायचं होतं. रविवारी सकाळी तणतणत त्यांच्या घरी गेले. दौलतराव दूध आणायला गेले होते. काकू म्हणाली, "आत ये व बाई, चहा ठेवते." मी पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले.

काकू ओट्याला धरून चालत होती. मधल्या काळात तिचं चालणं बरंच सुधारलं होतं, हे मी दुरून पाहिलं होतं, पण आज ती पुन्हा पहिल्यासारखी वाकडी झाली होती. साखरेचा डबा खालच्या फळीवर होता. ती त्याच्याकडे पाहत थांबली, श्वास घेतला, पोट आत घेतलं, गुडघे ढिले केले. मग अर्ध्यातच ओट्याला धरून राहिली. डबा मी काढला. काढताना मला पिठाच्या डब्यामागे एक गुंडाळलेली चटई दिसली. चटईवर दोन पाट, एक जाड आणि एक अगदी बारीक. वर पाहिलं तर खिडकी. आतून त्या जाळीतून सगळं अंगण स्वच्छ दिसत होतं, आणि दोन हात अंतरावर, जिथे दौलतराव उभे राहायचे, तिथे गवत घासून माती उघडी पडली होती. दोन पावलांची जागा, बोटं खिडकीकडे.

पदर खोचून घ्या. बांगड्या मागं सरकवा. तवा उतरवा. ओट्याले हात टेकवा.

सव्वीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडते आहे. बाकाखाली, बाहीत, बुटात. आणि ही कॉपी दोन वर्षं माझ्या नाकासमोर चालली होती. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी तो डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"काकू, तुम्ही करत होता?"

तिने दाराकडे पाहिलं, दौलतराव आले नाहीत ना म्हणून. "त्यायले सांगू नोको व बाई. त्यायले वाटते मी सैपाक करून राहिली. जाळीतून आतलं दिसत नाही बाहेरून."

"पण चोरून कशाला?"

काकू चहात साखर टाकत म्हणाली, "लई वर्षं झाले. सासूबाई अंथरुणावर होत्या, त्यायले मी एकटीच उचलत होती. एक दिवस म्या ह्यायले म्हणलं, माही कंबर दुखून राहिली. तं म्हणे, तुले काय होते कंबरेले? खंब्यावर तं मी चढतो. मंग म्या कंबरेचं नावच काढलं नाही. रिटायर झाले, योग शिकून आले, म्हणे चाल, तुले शिकवतो. म्या म्हणलं, मले कायले? खंब्यावर मी थोडीच चढते." ती हसली, पण ते हसू लगेच गेलं. "बोलून तं गेली. मंग दुसऱ्या दिवशी पाहते तं अंगणात सतरंज्या, अन् हे खिडकीत तोंड करून उभे. आयकू येऊन राहिलं, दिसून राहिलं. मी करत गेली."

"मग?"

"पहिले खुर्चीवर बसता येत नव्हतं बराबर. मंग स्टूल जमला. मंग जाड पाट. संक्रांतीपर्यंत बारीक पाटावर बसून राहिली होती मी. पाटाखालची जमीन तेवढी राहिली होती." तिने तो बारीक पाट पायाने चटईमागे सरकवला. "मनात होतं, यंदा नत्थूदादाच्या रोडग्याले खाली बसीन. आता मैदानावर वर्ग गेला. म्या एकटीनं करून पाह्यलं, पण एकटीनं होत नाही व. कंबर पुन्हा धरली."

रोडग्यांना पाच आठवडे होते. मी चहा पिऊन, जीभ भाजून घेऊन, बाहेर पडले. फाटकाशीच दौलतराव भेटले, हातात दुधाचा डबा.

"काकाजी, उद्यापासून वर्ग अंगणात."

"काहून जी? मैदान मोठं आहे. तुम्ही येवढी मेहनत केली."

"मैदानावर लाइट नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग दुधाच्या डब्याकडे. आवाज एकदम खाली आला. "तिले सांगू नोका मॅडम. तिले वाटते मले आतलं दिसत नाही. बल्ब लागला की सारं दिसते. मले दिसते म्हणून तिले समजलं तं ती बंद करंल."

"तुम्ही मला आधीच नाही का म्हणाला? मी कशाला मैदान आणलं असतं?"

"नाही म्हणलं असतं तं तुम्ही कारण इचारलं असतं जी. तुम्ही सोडता थोडीच." हे खरं होतं. ते पुढे म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट बोललो मी तिले, बावीस वर्षं झाले. माही माय अंथरुणावर होती, तिनं उचलली, अन् मी तिले ते बोललो. रिटायर झालो, घरी बसलो, तवा पाह्यलं ती खाटेवरून कशी उठते. पहिले हात, मंग गुडघा, मंग भिंत, मंग देवाचं नाव. मी खंब्यावर चढलो तं सारं गाव पाहे. तिले कोण पाह्यलं?" ते दुधाच्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावायला लागले. मी त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग अंगणात. पन्नासातले तीस जण नाराज होऊन गेले, प्राचार्यांचं मी काय ऐकलं ते इथे सांगत नाही. "लाइट आला का?" दौलतरावांनी विचारलं. बल्ब लागला. "पदर खोचून घ्या," ते म्हणाले, आणि मी माझी ओढणी इतकी मनापासून खोचली की मनोहर सेठ माझ्याकडे पाहायलाच लागले. त्या पाच आठवड्यांत मी एकदाही कटकट केली नाही. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं हे घरच्यांना विचारा.

एक दिवस मात्र सकाळीच लाइट गेला. दौलतराव सतरंज्या गुंडाळायला निघाले, तर आतून खिडकीत एक मेणबत्ती आली. दौलतरावांनी सतरंजी पुन्हा पसरली आणि खंबा सुरू केला.

रोडग्यांच्या दिवशी आम्ही मनोहर सेठच्या गाडीतून रामाकोन्याला गेलो. काकू आली होती, ती गाडीतून उतरून बगीच्याच्या कडेला उभी राहिली. बहार फुटला होता, सगळीकडे संत्र्याच्या फुलांचा वास. झाडांखाली सतरंज्यांच्या दोन ओळी, पुढे पत्रावळी. दौलतराव वाढायला होते, हातात वरणाची बादली, ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि तेवढ्यात नत्थूजी, ज्यांच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हतं, मोटरीच्या खोलीतून प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन आले. "ताईले खुर्ची," ते म्हणाले. पंगत वळून पाहायला लागली. मी नत्थूजींकडे असं पाहिलं की माझा एखादा विद्यार्थी असता तर रडला असता.

काकूने खुर्चीकडे पाहिलं. "दादा," ती म्हणाली, "त्या खुर्चीवर वरणाचा गंज ठेवा. कुत्रे फिरून राहिले."

मग ती माझ्या शेजारच्या पत्रावळीसमोर आली. पदर खोचला. बांगड्या मागे सरकवल्या. थांबली, श्वास घेतला. मी हात पुढे करणार होते, तो मांडीखाली दाबून बसले. ती गुडघ्यांतून खाली गेली, एक हात जमिनीला टेकला, आणि बसली. दुसऱ्या टोकाला दौलतराव बादली तिरपी धरून उभे होते आणि वरण मनोहर सेठच्या भाजीत, मग रोडग्यावर, मग धोतरावर जात होतं. सेठही काकूकडेच पाहत होते.

दौलतराव वाढत वाढत आमच्यापर्यंत आले. "वाढू?"

"वाढा. अन् तुपाची कंजुषी नोका करू. वाढणाऱ्याचा हात पाह्यला की भूक मरते."

पंगत हसली. जुन्या बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. काकूने माझ्या पत्रावळीवर गुपचूप अर्धा रोडगा सरकवला, आणि मी तो मुकाट्याने खाल्ला.

बसणं झालं, पण उठणं बाकी होतं, आणि ते मला, दौलतरावांना आणि तिला, तिघांनाच माहीत होतं. पंगत उठली. बाया पटापट उठून हात धुवायला गेल्या. काकू बसूनच राहिली. दौलतराव रिकामी बादली धरून तीन पावलांवर उभे, पुढे येईनात. तिने पाय जवळ घेतले, एक गुडघा टेकला, हात मांडीवर ठेवला, श्वास घेतला आणि उठली. भिंत नाही, देवाचं नाव नाही. सरळ उभी राहिली, श्वास सोडला, आणि नवऱ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "परमिट वापस."

तेव्हा त्यांना कळलं की आपल्याला खिडकीतून आतलं दिसतं हे तिला माहीत आहे, निदान त्या मेणबत्तीपासून. दौलतरावांनी बादली खाली ठेवली, आमच्याकडे पाठ केली आणि एका संत्र्याच्या झाडाची पानं बराच वेळ तपासली. पाठ हलत होती. ती पाठ मला चांगली ओळखीची आहे, पण तशी हललेली मी कधी पाहिली नव्हती. मीही डोळे पुसले, लपवत नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही अंगणात जमलो. दौलतराव नेहमीप्रमाणे खिडकीसमोर उभे राहिले आणि विचारलं, "लाइट आला का?" बल्ब लागला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. आत अंधारच. त्यांनी जाळीला कपाळ लावून पाहिलं, आणि त्यांचे खांदे पडले.

"अवो," मागून आवाज आला. मनोहर सेठच्या बाजूला, आमच्या ओळीत, काकू चटई घेऊन उभी होती. "तुमच्या बनियनले येवढं मोठं भोक हाये, अन् मले कोणी सांगतलं नाही."

दौलतराव वळले. त्या अंगणात शिकवताना त्यांचं तोंड आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साधंच तोंड आहे, खूप उन्हात राहिलेलं.

तेव्हापासून ते आमच्याकडे तोंड करून शिकवतात. बनियन रफू केलेलं असतं. उजवं म्हणतात आणि डावा हात उचलतात, रोज. आम्ही त्यांच्याकडे पाहत नाही. काकू जिकडे वळते तिकडे आम्ही वळतो, आणि आमचं पाहून दौलतरावही तिकडेच वळतात.